दूध मानवत नाही? दोष तुमचा नव्हे!

"घे गं, संपव बरं ग्लास. बदाम घालून आटवलंय. आमच्या घरात रात्रीच्या दुधाशिवाय कुणी झोपत नाही."

इंदूरमधल्या, आमच्या परिचयातील एका मराठी घरातला हा रोजचा संवाद. रत्नागिरीजवळच्या गावातून लग्न होऊन आलेली सून मुकाट्याने ग्लास रिकामा करायची. तासा-दीड तासाने पोटात गुडगुड सुरू व्हायची, पोट ढोलासारखे फुगायचे, आणि पहाटे इतर कुणी उठण्याच्या आत तिला धाव घ्यावी लागायची. महिनाभर तिने हे सोसले. मग एके दिवशी धीर करून म्हणाली, "आई, मला दूध मानवत नाही हो."

सासूबाईंना ते खरे वाटेना. ही चहा तर दिवसातून तीनदा पिते, भाताबरोबर वाटीभर दही खाते, श्रीखंडाला कधी नाही म्हणत नाही. मग दुधाचेच तेवढे वावडे कसे? "माहेरी सवय नसेल," इथून सुरू झालेली चर्चा "नखरे आहेत झालं!" इथवर पोहोचायला फारसा वेळ लागला नाही.

सून खोटे बोलत नव्हती. आणि गंमत अशी, की सासूबाईंचे निरीक्षणही अगदी अचूक होते. चहा चालतो, दही चालते, श्रीखंड चालते, दूध मात्र चालत नाही. या कोड्याचे उत्तर दोन ठिकाणी दडलेले आहे. एक, आईवडिलांकडून आलेल्या जनुकांत; आणि दुसरे, आपल्या मोठ्या आतड्यात मुक्काम ठोकून असलेल्या अगणित जिवाणूंत. या दोघांचा हिशोब एकदा समजला, की नखऱ्याचा आरोपही गळून पडतो आणि दूध कायमचे सोडण्याची गरजही बहुधा उरत नाही.

एक साखर, एक कात्री

दुधाला जी किंचित गोडी असते ती दुग्धशर्करेमुळे. शास्त्रज्ञ तिला लॅक्टोज म्हणतात. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात ती साधारण पाच ग्रॅम असते. आईच्या दुधात तर त्याहून जास्त, सुमारे सात ग्रॅम. म्हणजे २०० मिलिलिटरचा ग्लास प्यालो, की जवळजवळ दहा ग्रॅम लॅक्टोज पोटात जाते.

ही साखर जशीच्या तशी रक्तात शिरू शकत नाही. ती ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन लहान साखरांची जोडी आहे. ही जोडी आधी तोडावी लागते. तोडण्याचे काम करणारी कात्री म्हणजे लॅक्टेज नावाचे विकर, अर्थात एन्झाइम. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर ते तयार होते. कात्री पुरेशी असेल तर दूध बिनबोभाट पचते. कात्री कमी पडली, तर न तुटलेली साखर तशीच पुढे मोठ्या आतड्यात सरकते आणि तिथे गडबड उडते. यालाच डॉक्टर 'लॅक्टोज इनटॉलरन्स' म्हणतात. आपल्या साध्या भाषेत, दूध न मानवणे.

तान्ह्या बाळाजवळ ही कात्री भरपूर असते. असायलाच हवी, कारण त्याचे सारे अन्नच दूध. प्रश्न येतो तो पुढे. दूध तुटल्यावर, लहानपणीच, बहुतेकांच्या शरीरात लॅक्टेज तयार होण्याचे प्रमाण हळूहळू घटू लागते. ही घट इतकी संथ असते, की त्रास पुष्कळदा विशी-पंचविशीत जाणवतो. "लहानपणी तर लिटरभर दूध प्यायचास, आता काय झालं?" या आईच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

नियम कोणता, अपवाद कोणता?

आपला समज असा, की मोठेपणीही दूध पचणे ही निसर्गाची रीत आणि न पचणे हा आजार. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे! वासरू मोठे झाले की त्याच्या पोटातले लॅक्टेज कमी होते. मांजराचे पिल्लू, कुत्र्याचे पिल्लू, माकडाचे पोर, सर्वांचे तेच. माणसांतही जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज पुरते पचत नाही. मोठेपणी ते पचवणारेच खरे तर अपवाद आहेत, आणि हा अपवाद घडला तो जनुकातल्या एका अगदी बारीक बदलामुळे.

लॅक्टेज कसे बनवायचे याची कृती आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली आहे. ही कृती प्रत्येकाजवळ असते, दूध पचणाऱ्याजवळही आणि न पचणाऱ्याजवळही. फरक आहे तो ती कृती चालू-बंद करणाऱ्या बटणात. हे बटण मूळ जनुकापासून सुमारे १४ हजार अक्षरे दूर, शेजारच्या जनुकाच्या हद्दीत आहे. फिनलंडमधील कुटुंबांचा अभ्यास करून नबील एनाट्टा, लीना पेल्टोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ते शोधून काढले. जनुकांची लिपी चार अक्षरांची. तिथे 'सी' या अक्षराच्या जागी 'टी' आले, की बटण मोठेपणीही चालूच राहते आणि कात्री आयुष्यभर तयार होत राहते. आई किंवा वडील, कुणा एकाकडून जरी हे 'टी' अक्षर मिळाले तरी सहसा पुरते.

पुढे २००७ साली सारा टिशकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानिया, केनिया आणि सुदान येथील लोकांची तपासणी केली. तिथल्या गुरे पाळणाऱ्या जमातींनाही दूध पचते, पण त्यांच्या जनुकातला बदल युरोपातल्यापेक्षा वेगळा निघाला. म्हणजे गुराढोरांच्या संगतीने जगणाऱ्या माणसांत निसर्गाने हीच युक्ती एकापेक्षा अधिक वेळा, स्वतंत्रपणे केली.

असा बदल टिकून का राहिला आणि पसरला का? युरोपातील प्राचीन मडक्यांना चिकटलेले दुधाचे अंश आणि जुन्या हाडांतले डीएनए तपासून शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने २०२२ साली एक लक्षवेधी निष्कर्ष मांडला. तिथली माणसे हे जनुक सर्रास आढळू लागण्याच्या कितीतरी हजार वर्षे आधीपासून दूध वापरत होती! एरवी थोडे गॅस आणि पोटदुखी यावर भागत असे. परंतु दुष्काळ पडला किंवा साथीचा रोग आला, की कुपोषित शरीराला दुधाने होणारे जुलाब जिवावर बेतत. अशा काळात ज्यांना दूध पचत होते ते तगले आणि त्यांचा वंश वाढला, असे त्यांचे अनुमान आहे.

भारताचा नकाशा काय सांगतो?

आपला देश तर दुधातुपाचा! १९७० साली सुरू झालेल्या 'ऑपरेशन फ्लड'ने, म्हणजेच धवल क्रांतीने चित्र पालटले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून भारत जगात सर्वाधिक दूध काढणारा देश ठरला. मग आपल्या सगळ्यांना दूध पचत असेल?

१९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतल्या आणि दक्षिणेकडे त्रिवेंद्रम व पाँडिचेरी येथल्या निरोगी लोकांची तपासणी झाली होती. दिल्लीत सुमारे २७ टक्के लोकांना लॅक्टोज सोसत नसल्याचे आढळले. दक्षिणेत हेच प्रमाण जवळजवळ ६७ टक्के निघाले. एकाच देशात एवढा फरक!

तीस वर्षांनी जनुकशास्त्राने त्यावर प्रकाश टाकला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका आंतरराष्ट्रीय गटाने भारतीय उपखंडातील २,२८४ व्यक्तींचे डीएनए नमुने तपासले. आपल्याकडे गाय सिंधू खोऱ्याच्या परिसरात सुमारे सात हजार वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे माणसाळवली गेली, तेव्हा दूध पचवणारे जनुकही इथे स्वतंत्रपणे उपजले असावे, असे वाटणे साहजिक होते. पण आढळला तो युरोपात दिसणारा तोच 'सी'च्या जागी 'टी'चा बदल, आणि तोही एकाच पूर्वजाकडून दोन्हीकडे गेलेला. त्याचे प्रमाण वायव्येकडे जास्त, आणि तिथून आग्नेयेकडे यावे तसे कमी होत जाणारे. मात्र एकमेकांशेजारी राहणाऱ्या समाजांतही मोठा फरक दिसला. त्यामुळे आडनाव, गाव किंवा प्रांत यावरून कुणाच्या पोटाचे भविष्य सांगता येत नाही.

आणि यात उच्च-नीच तर काहीच नाही. ईशान्य भारतात आणि मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत दूध काढून पिण्याची परंपराच नव्हती. दूध न पिताही ती माणसे डोंगर चढत होती, शेती करत होती, मुले वाढवत होती. 'दूध पचत नाही म्हणजे प्रकृती नाजूक' हा समज म्हणूनच सोडून द्यायला हवा.

आतड्यातले भाडेकरू

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की जनुके ठरलेली, तेव्हा दुधाचा प्रश्न कायमचा निकालात निघाला. पण तसे नाही. एकाच घरात, एकच जनुक असलेल्या दोन भावांपैकी एक दूध पिऊन ढाराढूर झोपतो आणि दुसरा रात्रभर येरझाऱ्या घालतो. असे का?

इथे दुसरे पात्र रंगमंचावर येते. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या तोडीस तोड! त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. हे भाडेकरू फुकट राहत नाहीत. आपल्याला न पचलेले अन्न ते आंबवतात, त्यातून आतड्याच्या पेशींना उपयोगी पडणारी आम्ले तयार करतात.

लहान आतड्यात न तुटलेले लॅक्टोज यांच्यापर्यंत पोहोचले, की त्यांची मेजवानी सुरू होते. साखर आंबते आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन असे वायू तयार होतात. हीच ती गुडगुड आणि फुगलेले पोट. शिवाय न पचलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, म्हणून शौचास पातळ होते.

पण सगळे जिवाणू सारखे नसतात. बायफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू लॅक्टोज आंबवताना मुळी वायू सोडत नाहीत. पोटात अशांची वस्ती जास्त असेल, तर तीच साखर गाजावाजा न होता निकालात निघते. नेदरलँड्समध्ये २०१६ साली झालेल्या एका अभ्यासात जनुके आणि जिवाणू यांचे नाते स्पष्ट दिसले. ज्यांच्या जनुकाचे बटण मोठेपणी बंद होते, पण जे तरीही दूध घेत होते, त्यांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरियांचे प्रमाण अधिक आढळले. दाणे टाकले, की तिथे पाखरे जमतातच!

याचाच व्यावहारिक उपयोग अमेरिकेतील स्टीव्ह हर्ट्झलर आणि डेनिस सॅव्हियानो यांनी १९९६ साली दाखवून दिला. लॅक्टोज न पचणाऱ्या लोकांना त्यांनी दहा दिवस रोज, प्रमाण वाढवत लॅक्टोज दिले. दहा दिवसांनी तपासले तेव्हा त्यांच्या श्वासातला हायड्रोजन बराच घटला होता आणि गॅसचा त्रासही कमी झाला होता. त्यांची जनुके बदलली नव्हती, लॅक्टेजही वाढले नव्हते. बदलले होते ते जिवाणूंचे वागणे. आपली आजी म्हणायची, 'सवयीनं सगळं सोसतं'. ते पोटाच्या बाबतीत अक्षरशः खरे निघाले.

सासूबाईंच्या कोड्याचे उत्तर

आता पुन्हा इंदूरच्या स्वयंपाकघरात येऊ. चहा का चालतो? कपभर चहात दूध असून असून किती? तीस-चाळीस मिलिलिटर. म्हणजे दीड-दोन ग्रॅम लॅक्टोज. शिल्लक राहिलेले थोडेसे लॅक्टेज तेवढ्याला सहज पुरून उरते.

दह्याची गोष्ट त्याहून मजेदार. विरजण लावल्यावर त्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आंबट आम्ल बनवतात. साधारण चौथा हिस्सा किंवा थोडी अधिक साखर अशीच संपते. पण उरलेलीचे काय? १९८४ साली जोसेफ कोलार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की तेवढेच लॅक्टोज दुधातून घेण्याऐवजी दह्याच्या जातीच्या योगर्टमधून घेतले, तर श्वासातला हायड्रोजन जवळजवळ एक तृतीयांशच भरतो. कारण जिवंत जिवाणू स्वतःची कात्री बरोबर घेऊन येतात! लहान आतड्यात पोहोचल्यावर त्यांच्यातले विकर मोकळे होते आणि आपल्या वाटचे काम करून टाकते. म्हणून ताजे दही आणि ताक सोसते. तेच दही उकळून कढी केली, की जिवाणू मरतात आणि ही फुकटची मदत हातची जाते.

श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगले, की निथळणाऱ्या पाण्याबरोबर पुष्कळशी साखर निघून जाते. पनीर आणि छेन्यातही तसेच. लोणी कढवून केलेल्या साजूक तुपात तर लॅक्टोज जवळजवळ नसतेच. याउलट बासुंदी, रबडी, खवा, पेढे यांत दूध आटवलेले असते. आटवताना उडते ते फक्त पाणी. दुग्धशर्करा सारी मागेच राहते. तेव्हा बदाम घालून आटवलेला तो प्रेमाचा ग्लास सुनेला साध्या दुधापेक्षाही जड जात होता, हे सासूबाईंना कोण सांगणार?

दुधावर जीव टाकणाऱ्या मंगोलियाचे उदाहरण इथे पाहण्याजोगे आहे. तिथल्या बहुसंख्य लोकांजवळ दूध पचवणारे जनुक नाही. तरीही शतकानुशतके ते घोडी, याक, मेंढ्या यांच्या दुधावर जगत आले. त्यांचा भर आंबवलेल्या दुधावर, घोडीच्या दुधाच्या आंबट आयरागवर, वाळवलेल्या चक्क्यावर असतो. जे जनुकाने दिले नाही ते स्वयंपाकाच्या शहाणपणाने मिळवले. आपल्या ताक-दह्याच्या परंपरेतही हेच शहाणपण नाही का?

थोडा मनाचाही वाटा

१९९५ साली अमेरिकेतील मिनियापोलिस येथे डॉक्टरांनी तीस जणांना निवडले. "दुधाचा थेंबही चालत नाही," असे म्हणणारी ही मंडळी. त्यांना एक आठवडा रोज नाश्त्याबरोबर २४० मिलिलिटर साधे दूध दिले आणि एक आठवडा लॅक्टोज आधीच तोडलेले दूध. दोन्हींची चव सारखी केलेली. कुठले दूध कुठल्या आठवड्यात, हे पिणाऱ्याला ठाऊक नव्हते. निकाल? दोन्ही आठवड्यांत त्रास जवळजवळ सारखाच आणि किरकोळ! एवढेच नव्हे, तपासणी केल्यावर तिसांपैकी नऊ जणांना लॅक्टोज व्यवस्थित पचत असल्याचे दिसून आले.

याचा अर्थ ही माणसे नाटक करत होती असा मुळीच नाही. त्यांचे पोट खरोखरच दुखत असणार. पण दुखण्याचे खापर दुधावर फुटत होते आणि खरे कारण दुसरेच कुठेतरी होते. आपल्याकडेही हे सर्रास घडते. जेवणात चमचमीत रस्सा, वर भजी, आणि शेवटी खीर. दुसऱ्या दिवशी बोल लावायचा खिरीला!

पारख कशी करायची?

खात्रीची तपासणी आहे. तिला हायड्रोजन ब्रेथ टेस्ट म्हणतात. रात्रभर उपाशी राहिल्यावर लॅक्टोजचे पाणी प्यायला देतात आणि पुढचे सुमारे तीन तास थोड्या थोड्या वेळाने श्वास तपासतात. जिवाणूंनी बनवलेला हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासातून बाहेर पडतो. तो ठरावीक मर्यादेपेक्षा वाढला, तर लॅक्टोज पचत नाही असे समजायचे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही ठिकाणी या तपासणीत ५० ग्रॅम लॅक्टोज देतात. ते लिटरभर दुधातल्या साखरेइतके झाले. एवढी साखर पचली नाही म्हणून अर्धा कप दूध वर्ज्य करण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१० साली भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेचे मत असे पडले, की लॅक्टोज न पचणारी बहुतेक मोठी माणसे एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दुधातले लॅक्टोज फारशा त्रासाशिवाय सोसू शकतात.

अलीकडे रक्ताच्या एका थेंबावरून शंभर-दोनशे पदार्थांची 'वावडी' सांगणाऱ्या तपासण्यांच्या जाहिराती दिसतात. त्यांत बहुधा आयजीजी नावाची प्रतिपिंडे मोजलेली असतात. ती रक्तात असण्याचा अर्थ इतकाच, की तुम्ही तो पदार्थ खाल्लेला आहे. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने अन्न न मानवण्याच्या निदानासाठी ही तपासणी करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. असा कागद हाती धरून गहू, डाळी, दूध, अंडी सारे बंद करणाऱ्यांचे हाल विचारू नयेत.

दोन दुखणी मात्र दूध न मानवण्यापासून नीट वेगळी ओळखली पाहिजेत. पहिले म्हणजे दुधाची ॲलर्जी. ती साखरेची नव्हे, दुधातल्या प्रथिनांची असते आणि लहान मुलांत अधिक आढळते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या, श्वास लागणे ही तिची लक्षणे. तिच्यात थोड्याशा दुधानेही धोका होऊ शकतो. तिथे 'सवय लावू' हा प्रयोग चुकूनही करू नये. दुसरे दुखणे सीलिअॅकचे. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तरच खराब होते. उत्तर भारतात ते बऱ्यापैकी दिसते. अस्तर खराब झाल्यामुळे लॅक्टेजही घटते, आणि रोगी बिचारा दुधाला दोष देत बसतो. अशी शंका असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर निदान हुकते.

वजन घटत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून जुलाबासाठी जावे लागत असेल, रक्त कमी भरत असेल किंवा मुलाची वाढ खुंटली असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे. लहान मुलांना मोठा जुलाब झाल्यावर काही दिवस दूध सोसत नाही, कारण आतड्याचे अस्तर सोललेले असते. ते भरून आले की दूध पुन्हा चालू लागते. तान्ह्या बाळाचे आईचे दूध मात्र जुलाबातही बंद करू नये.

घरच्या घरी काय कराल?

इतर काही तक्रार नसलेल्या मोठ्या माणसांनी हा साधा प्रयोग करून पाहावा. दोन आठवडे दूध, खवा, मिठाई बंद ठेवा. बाकीचा आहार होता तसाच राहू द्या. वहीत रोज दोन ओळी लिहा: काय खाल्ले, काय झाले. त्रास तसाच राहिला, तर दुधाची निर्दोष मुक्तता करा आणि डॉक्टरांना भेटा.

त्रास थांबला, तर आता उलट्या दिशेने चाला. अर्धा कप दूध, तेही रिकाम्या पोटी नव्हे, जेवणाबरोबर किंवा नाश्त्याबरोबर. अन्नाच्या संगतीने दूध सावकाश पुढे सरकते आणि कात्रीला उसंत मिळते. तीन-चार दिवस बरे गेले की थोडे वाढवा. जिथे पोट कुरकुरेल, तिथून एक पाऊल मागे. ती तुमची मर्यादा! एका वेळी मोठा ग्लास घेण्यापेक्षा दिवसात दोनदा थोडे थोडे बरे. दही आणि ताक रोज ठेवा. बाजारात लॅक्टोज काढलेले दूध मिळते आणि लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात. लग्नकार्यात बासुंदी टाळवत नसेल तर डॉक्टरांना विचारून त्यांचा उपयोग करता येतो.

आणि दूध खरोखरच सोडावे लागले, तर कॅल्शियमचा विचार आधी करा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ माणसासाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. ग्लासभर दुधातून त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा मिळतो. तो भरून काढायला नाचणी आहे. तिच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तीळ आहेत, राजगिरा आहे, हिरव्या पालेभाज्या आहेत, आणि खाणाऱ्यांसाठी काट्यासकट चावून खाता येणारे लहान मासे आहेत. दूध सोडले आणि त्याच्या जागी काहीच घेतले नाही, असे विशेषतः बायकांच्या बाबतीत फार होते. त्याची किंमत पुढे हाडे मोजतात.

इंदूरच्या त्या घरात आता काय चालले आहे, हेही सांगायला हवे. डॉक्टरांनी सासू-सून दोघींना समोर बसवून हा सारा प्रकार समजावला. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मुलाला दूध पचतं ते माझ्या शिकवणीनं नव्हे तर!" त्या रात्रीपासून दुधाचा ग्लास बंद झाला. आता त्या रोज आठवणीने सुनेच्या वाटचे विरजण लावतात, दुपारी ताकाचा तांब्या भरून ठेवतात. सूनही सकाळच्या नाश्त्याबरोबर अर्धा कप दूध घेऊ लागली आहे आणि तिला ते सोसते आहे. परवा तिच्या माहेरहून नाचणीचे पीठ आले, तर पहिली भाकरी सासूबाईंनीच थापली.

आपल्याकडे 'व्यक्ती तितक्या प्रकृती' असे म्हणतात. ताट वाढताना ते आठवले, तर कुणालाही आपल्या पोटाची लाज वाटणार नाही.